झेंड्यावरचं गाव

इंग्लंडचा पाठीराखा परदेशात सामन्याला निघाला की झेंडा घेऊनच निघतो. पांढऱ्या कापडावर सेंट जॉर्जचा लाल क्रूस. टीव्हीवर हे झेंडे सगळे सारखेच दिसतात. जवळ गेलं की आडव्या लाल पट्ट्यावरची ठळक अक्षरं वाचता येतात, आणि तिथे देशाचं नाव क्वचितच असतं. बर्नली, ग्रिम्सबी, स्टॉकपोर्ट, स्विंडन. गावाचं नाव, नाहीतर क्लबचं, नाहीतर चक्क गल्लीतल्या पबचं. सामना देशाचा आणि मिरवायचं गाव! कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे संघ समोरासमोर आले की हलगीच्या तालावर गॅलरीत जे काही चालतं ते नुसतं फुटबॉल नसतं. तालमीची, पेठेची इर्षा असते ती. बारा वाजेपर्यंत एकमेकांच्या दुकानात चहा पिणारी माणसं चार वाजता एकमेकांना ओळख दाखवत नाहीत.

तेच झेंडे खांद्यावर गुंडाळून माणसं दफनभूमीत हिंडताना मी पाहिली ती २०१६ च्या जूनमध्ये, उत्तर फ्रान्समध्ये.

त्या वर्षीच्या युरो स्पर्धेत इंग्लंड आणि वेल्स एकाच गटात आले आणि त्यांचा आपसातला सामना १६ जूनला लेन्सला पडला. लेन्स हे कोळशाच्या खाणींचं गाव. वस्ती तीसेक हजारांची आणि बोलार्त स्टेडियम मावतं ३८ हजारांना. बेटांवरून निम्मी दुनिया लोटणार आणि गावात धड हॉटेलं नाहीत, त्यामुळे लोक आजूबाजूला पांगले. आम्हाला आरासला खोली मिळाली. आम्ही म्हणजे मी आणि ऑफिसातले दोघे. एक नॉर्थॅम्प्टनचा इंग्रज, दुसरा दक्षिण वेल्सच्या खाणींच्या खोऱ्यातला, डोक्यावर त्यांची ती लाल-पिवळी-हिरवी बादलीटोपी. तू कुणाच्या बाजूचा, असं दोघांनीही मला बोटीवर विचारून घेतलं. मी म्हटलं, तिकीट ज्याने काढलं त्याच्या.

या भागात गाडी चालवणं हा एक वेगळाच प्रकार आहे. दर दोन-चार किलोमीटरवर हिरवी पाटी, तिच्यावर दफनभूमीचं नाव. बटाट्याच्या शेतात मधेच पांढऱ्या दगडांचा चौकोन. एका बाजूला विमीची टेकडी, वर कॅनडाचे दोन पांढरे मनोरे. दुसऱ्या बाजूला नोत्र-दाम-द-लोरेत, फ्रान्सची सर्वांत मोठी लष्करी दफनभूमी. तिच्या शेजारी २०१४ मध्ये एक भलंमोठं कडं उभारलं आहे. त्यावर या प्रांतात पहिल्या महायुद्धात मेलेल्या ५,७९,६०६ सैनिकांची नावं आहेत, फक्त वर्णानुक्रमे. हुद्दा नाही, देश नाही, कोण कुठल्या बाजूने लढला तेही नाही. जर्मन, फ्रेंच, इंग्रज आणि आपल्याकडचे सिंग एकाच ओळीत. कल्पना थोर आहे, पण खरं सांगायचं तर तिथे पाठीराखे फारसे थांबत नव्हते. हिंडत, फोटो काढत, पुढे जात. गर्दी जमत होती ती आरासच्या स्मारकात, आणि ती का जमत होती हे मला नंतर कळलं.

आरासची जागा जुन्या किल्ल्याला लागून, मोठ्या रस्त्यावर आहे. रचना ल्यूटेन्सची, म्हणजे आपल्या नव्या दिल्लीवाल्याचीच. आत शिरलं की उंच खांबांची ओवरी लागते आणि तिच्या भिंतींवर ओळीने नावं, जवळजवळ ३५ हजार. ज्यांचा देहच सापडला नाही असे. आम्ही गेलो तेव्हा दारातल्या पायरीवर बिअरचे डबे ओळीने मांडून ठेवलेले होते. रखवालदार नाही, सूचना नाही. देवळाबाहेर चपला काढाव्यात तसे कुणीतरी आधी ठेवले असणार आणि मागून येणाऱ्यांनी गिरवलं. आत अर्ध्या चड्डीतले, उन्हाने टोमॅटोसारखे झालेले बाप्ये हलक्या आवाजात बोलत होते. बाहेर पडताना मात्र, यातला अर्धा भरलेला कुणाचा, यावरून हुज्जत ऐकू आली.

नॉर्थॅम्प्टनच्या गड्याला तिथे एकच नाव बघायचं होतं, वॉल्टर टल. नॉर्थॅम्प्टन हे बूट करणाऱ्यांचं गाव, क्लबलाही लोक कॉबलर्सच म्हणतात. मी चपलांच्या गावचा, म्हणून आमचं मुळात जमलेलं. तर हा टल म्हणजे बार्बाडोसहून आलेल्या सुताराचा मुलगा, १८८८ सालचा जन्म, आई-बाप लहानपणीच गेले आणि अनाथाश्रमात वाढला. १९०९ मध्ये टॉटनहॅमकडून खेळायला लागला. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या मैदानावर प्रेक्षकांनी त्याच्या रंगावरून असा गलिच्छ ओरडा केला की वार्ताहराला त्याबद्दल लिहावं लागलं. पुढे नॉर्थॅम्प्टनकडून शंभरावर सामने खेळला. युद्ध लागल्यावर फुटबॉलवाल्यांच्या खास पलटणीत भरती झाला. ही मिडलसेक्स रेजिमेंटची १७ वी बटालियन, डिसेंबर १९१४ मध्ये लंडनच्या फुलम टाउन हॉलमध्ये उभी राहिली. तोवर पेपरांतून आणि व्यासपीठांवरून व्यावसायिक खेळाडूंना भेकड म्हणण्याची लाट आली होती. पोरं मरतायत आणि हे पगार घेऊन चेंडू लाथाडतायत, असा सूर.

काळ्या माणसाने गोऱ्या शिपायांवर हुकूम चालवू नये असा तेव्हा लष्कराचा दंडक. तरी १९१७ मध्ये टलला सेकंड लेफ्टनंट करावंच लागलं. २५ मार्च १९१८ ला आरासच्या दक्षिणेला तो पडला. त्याच्या माणसांनी देह मागे ओढून आणायचा प्रयत्न केला, पण गोळीबारापुढे जमलं नाही. म्हणून नाव या भिंतीवर. हे ऐकताना मला आपले सुभेदार-मेजर आठवत होते. लढणाऱ्या पलटणीत हिंदुस्थानी माणूस तिथवर चढायचा, आणि कालच विलायतेहून आलेल्या पोरसवदा लेफ्टनंटला सलाम ठोकायचा.

टलचं नाव सापडलं तेव्हा आमचा गडी म्हणाला, ‘आमच्या क्लबच्या सिक्सफील्ड्स मैदानाबाहेर याचं स्मारक आहे. एक शनिवार आड मी त्याला टेकून बर्गर खातो.’ मग त्याने क्लबचा मफलर काढून खांबाच्या पायथ्याशी ठेवला. शेजारी आधीच दोन-तीन मफलर होते. टॉटनहॅमचा एक, तो याने जरा बाजूला सरकवला.

तिथल्या बाकीच्यांकडे मी बघत राहिलो. त्यातल्या फारच थोड्यांना कुणी विशिष्ट माणूस शोधायचा होता. ते भिंतीवरच्या मथळ्यांवरून बोट फिरवत चालले होते. नावं तिथे रेजिमेंटप्रमाणे लावलेली आहेत आणि इंग्रजांच्या रेजिमेंटांना तेव्हा परगण्यांची नावं असायची. लँकशर, चेशर, नॉरफक, डरम. झेंड्यावरचं गाव ज्या परगण्यात पडतं ती पाटी सापडली की माणूस थांबायचा, आडनावं वाचायचा, आणि मग हटकून एखादं आडनाव आपल्या गल्लीतलं निघायचं. ‘हे बघ, आपल्या खाटकाचं!’ आपण लग्नपत्रिकेतला आप्तेष्टांचा भाग वाचतो त्याच लक्षपूर्वकतेने ते वाचत होते. लोरेतच्या कड्याशी कुणी का रेंगाळत नव्हतं ते इथे उमगलं. सगळी माणसं एक, हे तिथलं म्हणणं बरोबरच आहे. पण फुटबॉलच्या दौऱ्यावर निघालेल्या माणसाला स्वतःचं गाव हवं असतं.

आणि मेलेलेही गावानेच गेले होते. १९१४ च्या भरतीत सरकारने मुद्दामच तशी सोय केली. एका गावचे, एका गिरणीतले, एका क्लबचे दोस्त एकत्र भरती झाले तर एकत्रच ठेवू. एडिंबराच्या हार्ट्स क्लबचं उदाहरण सगळ्यात बोलकं. त्या हंगामात संघ लीगमध्ये आघाडीवर होता. नोव्हेंबर १९१४ मध्ये खेळाडूंनी घाऊक नावं नोंदवली, मागोमाग त्यांचे पाठीराखेही त्याच बटालियनमध्ये शिरले. म्हणजे शनिवारी गॅलरीतून ज्याला शिव्या घालायच्या त्याच्याच शेजारी खंदकात. पहिल्या फळीतले सात खेळाडू युद्धात गेले, त्यातले तिघे सोम नदीकाठच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ ला. लीग सेल्टिकने नेली. काँतालमेझाँ गावात त्यांच्या नावाचा दगडी बुरूज आहे, २००४ मध्ये लोकवर्गणीतून बांधलेला, आणि एडिंबराहून लोक दर जुलैला तिथे जातात. सरकारी सोहळा वेगळा आणि ही वारी वेगळी. हिला स्पर्धेचं निमित्तही लागत नाही.

लेन्सच्या वेशीवरच लोस आहे. खाणीतून उपसलेल्या मातीचे दोन काळे डोंगर तिथे जोडीने उभे आहेत, आणि सामन्याच्या सकाळी गावात येणारा प्रत्येक जण त्यांचा फोटो घेत होता. २५ सप्टेंबर १९१५ ला इथे ब्रिटिशांनी पहिल्यांदा विषारी वायू सोडला. त्याच सकाळी लंडन आयरिश रायफल्सचा फ्रँक एडवर्ड्स नावाचा शिपाई जर्मन खंदकांच्या दिशेने चेंडू लाथाडत निघाला. मांडीत गोळी लागली, वाचला, १९६४ पर्यंत जगला. चेंडूही लंडनला त्यांच्या संग्रहालयात आहे. पुढच्या वर्षी सोमला कॅप्टन नेव्हिलने आपल्या तुकड्यांना चेंडू वाटले. एकावर चक्क ‘युरोपियन कपचा अंतिम सामना’ अशा अर्थाचा मजकूर रंगवलेला होता. नेव्हिल जर्मनांच्या तारांपाशी मारला गेला आणि इंग्लंडच्या पेपरांनी त्या चेंडूचं पुढे बरंच भांडवल केलं.

या गोष्टी पाठीराख्यांना तोंडपाठ असतात आणि सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. माझं मन मात्र तिथे अडखळतं. एकवीस वर्षांच्या नेव्हिलने पोरांचं भय जावं म्हणून चेंडू दिला असेल, त्याला बोल लावायला मी कोण. पण दुसऱ्या दिवशी घरात बसून त्यावर कविता छापणाऱ्यांचं काय? शत्रूच्या मशीनगनसमोर चालत जाणं हा खेळच आहे, असं सांगितलं की पुढची भरती सोपी होते. आमचा वेल्सवाला खाणकामगाराचा नातू, त्याने हे एका वाक्यात निकालात काढलं: ‘रेफ्री तरी ठेवायचा होता.’

त्याच आठवड्यात मार्सेयला इंग्लंड-रशिया सामन्याच्या आसपास खुर्च्या-बाटल्यांची फेकाफेक झाली होती, रशियाचे टोळभैरव आणि इंग्लंडचे प्यायलेले, आणि मधे अश्रुधूर. लेन्समध्ये त्यामुळे दारूवर निर्बंध आणि चौकाचौकात पोलीस. तरी आदल्या रात्री आरासच्या चौकात गाणी झालीच. त्यात ते जर्मन विमानं एकेक करून पाडण्याचं गाणंही झालं, जे म्हणू नका म्हणून त्यांची फुटबॉल असोसिएशन कितीदा तरी सांगून दमली आहे. जर्मनीचा तिथे काहीएक संबंध नव्हता. गाणाऱ्यांत दुपारी ओवरीत हलक्या आवाजात बोलणारे दोघे-तिघे मी ओळखले.

याला ढोंग म्हणणं सोपं आहे, आणि त्यांचे पेपर तसं म्हणतातच. मला तसं वाटत नाही. गर्दीतला माणूस गर्दीसारखा वागतो आणि बोट फिरवत आडनावं वाचणारा माणूस एकटा असतो, एवढं साधं ते आहे. मला ढोंग दिसतं ते दुसरीकडे. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात इंग्लंड-स्कॉटलंड सामन्यात खेळाडूंनी दंडावर, युद्धात मेलेल्यांच्या आठवणीचं खसखशीचं फूल असलेल्या काळ्या पट्ट्या बांधल्या म्हणून फिफाने दंड केला आणि देशभर केवढा गदारोळ झाला! पंतप्रधानांपासून सगळे बोलले. त्या गदारोळातल्या किती जणांनी वॉल्टर टलचं नाव ऐकलं होतं, असं मला आमच्या गड्याला विचारावंसं वाटलं. पण तो स्वतः कोटावर फूल लावून आला होता, मी विषय काढला नाही.

सामना इंग्लंडने २-१ असा जिंकला. वेल्सच्या बेलने लांबून फ्रीकिक मारली, गोलकीपरच्या हाताला लागून आत. मग वार्डीने बरोबरी केली आणि शेवटच्या भरपाई वेळेत स्टरिजने घातला. आमचा वेल्सवाला परतीच्या आगगाडीत एक अक्षर बोलला नाही. नॉर्थॅम्प्टनवाल्याने त्याला चिप्स देऊ केल्या, त्या त्याने खिडकीबाहेर बघत संपवल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी माझ्या ताब्यात होती. लेन्सहून ला बासेमार्गे उत्तरेला वीस-पंचवीस किलोमीटरवर न्यूव शापेल. तिथल्या चौरस्त्यावर भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, हे मला ठाऊक होतं. सोबतच्या दोघांना त्यांच्या देशाच्या सैन्यात इतके हिंदुस्थानी फ्रान्समध्ये लढले हेच नीट ठाऊक नव्हतं. चूक त्यांची नाही, आपल्याकडे तरी कुणाला असतं!

स्मारक हर्बर्ट बेकरचं, १९२७ सालचं. गोल आवार, त्याला सांचीच्या कठड्यासारखी दगडी जाळी, दोन छत्र्या, मधोमध पंधरा मीटरचा खांब, वर कमळ आणि त्यावर ब्रिटिश मुकुट. खाली दोन वाघ बसलेले. खांबावर इंग्रजी, अरबी आणि गुरुमुखीच्या सोबतीने देवनागरी अक्षरं आहेत. इतके दिवस रोमन लिपीत मेलेली माणसं वाचल्यावर देवनागरी दिसली की डोळे तिथेच जातात. भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं, इथेही ज्यांना ना थडगं ना चिता. मार्च १९१५ मधल्या न्यूव शापेलच्या लढाईत चार दिवसांत हिंदुस्थानी कोअरची चार हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. गढवाल रायफल्सचा गब्बर सिंग नेगी त्यात होता, त्याचं व्हिक्टोरिया क्रॉस इथे नावासमोर कोरलेलं आहे.

मी मात्र, त्या स्टॉकपोर्ट-स्विंडनवाल्यांसारखाच, मथळे वाचत चाललो होतो. माझा परगणा कुठला? तो सापडला ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ या पाटीपाशी. म्हणजे आपले बॉम्बे सॅपर्स, खडकीचे. पुण्याहून लोणावळ्याकडे जाताना लोकलमधून त्यांची वसाहत दिसते. यांचं काम पूल बांधणं, सुरुंग पेरणं, खंदक खणणं. पण २८ ऑक्टोबर १९१४ ला जर्मनांनी घेतलेलं हे गाव परत घ्यायला पायदळ पुरेना, म्हणून ४७ व्या शीख पलटणीच्या जोडीला सॅपर्सच्या २० आणि २१ नंबरच्या कंपन्या संगिनी लावून सोडल्या. घराघरांतून, परसांतून मारामारी करत ते गावाच्या मध्यापर्यंत गेले. मागून कुमक आलीच नाही. परत यावं लागलं आणि दोन्ही कंपन्यांचे जवळपास सगळे गोरे अधिकारी आणि कितीतरी जवान तिथेच राहिले. मार्सेयला उतरून त्यांना जेमतेम महिना झाला होता. कारकुनाने कानाला लागतील तशी लिहिलेली इंग्रजी स्पेलिंगं मी पुटपुटून वाचत होतो आणि त्यातून शीख, मुसलमान, मराठे ओळखू येत होते. नॉर्थॅम्प्टनवाल्याने विचारलं, ‘सापडले का तुझे?’ मी म्हटलं, पुण्याचे सापडले. कोल्हापूर-पुणे हा फरक त्याला सांगत बसलो असतो तर संध्याकाळ झाली असती.

त्या आवारात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. रस्त्यापलीकडे मात्र एक व्हॅन येऊन थांबली. समोर पोर्तुगालची दफनभूमी आहे, १,८३१ थडगी, बहुतेक एप्रिल १९१८ च्या जर्मन हल्ल्यातली. व्हॅनमधून उतरलेली मंडळी ब्रसेल्सला राहणारी पोर्तुगीज, दुसऱ्या दिवशी पॅरिसला ऑस्ट्रियाविरुद्धचा सामना होता, तिकडे निघालेली. पोरांच्या अंगात रोनाल्डोचा सात नंबर. गाणी बंद केली, आत गेली, पाच-दहा मिनिटं हिंडली. म्हाताऱ्या आजोबांनी एका दगडापाशी उभं राहून मुलांना काहीतरी सांगितलं. मग रस्ता ओलांडून आमच्या बाजूला आली. वाघ बघून पोरं खूष. आजोबांनी मोडक्या फ्रेंचमध्ये विचारलं, हे कुणाचं? मी म्हटलं, आमचं. ते म्हणाले, तुमचे पण आलेत का स्पर्धेला?

त्यांच्या मनात तसं काही नव्हतं, पण प्रश्न बरोबर जागी बसला. पोर्तुगीज माणूस इथे आला कारण पोर्तुगाल खेळत होतं. वेल्सचे हजारो लोक त्या महिन्यात या मातीवरून गेले कारण वेल्स ५८ वर्षांनी मोठ्या स्पर्धेत उतरलं होतं. भारत काही युरोत खेळणार नाही आणि विश्वचषकाचं म्हणाल तर १९५० ची मिळालेली संधी सोडली ती सोडलीच. आपला माणूस युरोपात येतो तो आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ आणि तिसऱ्या दिवशी गुजराती थाळी. झुंडीने, झेंडे घेऊन, गाव मिरवत या बाजूला यायला त्याला निमित्तच नाही. पंतप्रधान २०१५ मध्ये येऊन गेले. साउथॉलहून शीख कुटुंबं येतात, नोंदवहीत त्यांच्या सह्या होत्या. मराठीत एकही ओळ दिसली नाही, मग मी लिहिली. जरा लांबलीच.

वेल्सवाल्याचा सूड पंधरा दिवसांत उगवला. त्यांचा संघ उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि बेल्जियमविरुद्धचा सामना १ जुलैला लीलला आला. नेमका सोमच्या शंभराव्या वर्षाचा दिवस. तिकडे थिएपव्हालला राजघराणं आणि राष्ट्राध्यक्ष, इकडे हा गडी रजा टाकून पुन्हा फ्रान्सला. मॅमेट्झच्या जंगलासमोर वेल्सचा लाल ड्रॅगन आहे, पंज्याने काटेरी तारा फाडणारा. ३८ व्या वेल्श डिव्हिजनचे चार हजारांच्या आसपास जवान जुलै १९१६ मध्ये त्या जंगलासाठी मेले किंवा जखमी झाले. त्याने तिथला फोटो पाठवला. ड्रॅगनच्या चौथऱ्याला लाल मफलर आणि बादलीटोप्यांचा खच. रात्री वेल्सने बेल्जियमला ३-१ असं झोपवलं. त्याने पाठवलेला संदेश इथे छापण्यासारखा नाही.

माझा शोध मात्र न्यूव शापेलला संपला नव्हता. माझं आजोळ सातारा जिल्ह्यात. त्या बाजूला लष्करी परंपरेची गावं बरीच. आपशिंग्याला तर लोक ‘आपशिंगे मिलिटरी’च म्हणतात, पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे तिथे. आमच्या आजोळच्या चावडीलाही एक संगमरवरी पाटी आहे. या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धाला गेले, त्यातले इतके मेले. अशा पाट्या सरकारने देशभर वाटल्या. आकडे आहेत, नावं नाहीत. लहानपणी आम्ही त्या भिंतीवर चेंडू मारायचो.

तिकडचे मराठे गेले ते मुख्यतः फ्रान्सला नव्हे, इराकला. सहावी पूना डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात पाच महिने उपाशी राहून २९ एप्रिल १९१६ ला शरण गेल्या आणि पुढे कितीतरी कैदेतल्या पायपिटीत संपले. त्यांचं स्मारक बसऱ्याला आहे, ४० हजारांहून जास्त जणांचं. सद्दामने १९९७ मध्ये ते मुळापासून उचलून बसऱ्याबाहेर, नासिरियाच्या रस्त्यावर ३२ किलोमीटरवर नेऊन ठेवलं. आणि त्यावरची मेख अशी की इंग्रज साधा शिपाई असला तरी त्याचं नाव कोरलंय. आपल्या सुभेदार-जमादारांचंही आहे. पण शिपाई-नाईक-हवालदार यांच्यासाठी प्रत्येक पलटणीखाली फक्त आकडा. फ्रान्समध्ये ब्रिटिशांच्या ज्या युद्धस्मारक आयोगाने प्रत्येक सॅपरचं नाव खोदलं, त्याच आयोगाने. फ्रान्समध्ये बघायला येणारे होते, इराकमध्ये कोण येणार होतं, याशिवाय मला दुसरं कारण सुचत नाही. २०२१ मध्ये आयोगाने याबद्दल रीतसर माफी मागितली.

आता गंमत बघा. जानेवारी २०२३ मध्ये आखाती देशांची फुटबॉल स्पर्धा बसऱ्यालाच झाली. इराकमध्ये ती १९७९ नंतर पहिल्यांदा. कुवेत, ओमान, सौदीहून पाठीराखे आले आणि बसऱ्याच्या लोकांनी त्यांना घरी नेऊन जेवू घातलं, झोपायला जागा दिली. फायनलला इराकने ओमानला ३-२ हरवलं. माझा मामेभाऊ कुवेतला असतो. त्याचा कुवेती साहेब सफवानच्या नाक्यावरून गाडी काढून सामन्याला जाऊन आला आणि महिनाभर तिथल्या मासळीचं वर्णन करत होता. मी भावाला फोनवर स्मारकाचं सांगितलं. नावं नाहीत हेही सांगितलं.

‘मग दादा, मी तिथं जाऊन वाचू काय? आकडा तर आपल्या चावडीवर पण आहे.’

मी म्हटलं, पलटणीचं नाव आहे ना वर.

‘मग आधी ते काढ. आपल्या गावची माणसं एकशे तीनमध्ये होती का एकशे सतरामध्ये? कुठल्या पाटीपुढं उभं राहायचं ते तरी कळायला पाहिजे. व्हिसाचं मी साहेबाच्या मागं लागतो.’

मामांना विचारलं. त्यांनी आधी ट्रंकेतले पेन्शनीचे जुने कागद काढले, त्यात दुसऱ्या महायुद्धाचेच निघाले. आता साताऱ्याच्या सैनिक कार्यालयात चौकशी करतो म्हणालेत, पण सुगी उरकल्यावर.